पोटखराब्यातला पक्षी : माळढोक आणि आपल्या माळाचा दोनशे वर्षांचा हिशेब

सोलापूरच्या माणसाला बाहेरगावी दोन प्रश्न हमखास विचारतात. चादरी अजून पूर्वीसारख्या मिळतात का, आणि माळढोक अजून दिसतो का. पहिल्याचं उत्तर देताना मी पत्ते सांगत बसतो. दुसऱ्याचं उत्तर आता "जवळजवळ नाहीच" एवढंच उरलंय. ते ऐकलं की समोरचा मान हलवून म्हणतो, "शिकाऱ्यांनी संपवला असेल." आणि विषय बदलतो.

तो विषय तिथे बदलू नये म्हणून ही पोस्ट. शिकार झाली, बेसुमार झाली, त्याचे आकडे खाली देतोच. पण गेली काही वर्षं जुने अहवाल, गॅझेटियर, गणनेच्या बातम्या, जमिनीचे उतारे असं जे हाताला लागेल ते वाचत आलो, आणि माझं मत असं झालंय की माळढोकाचा इतिहास बंदुकीपेक्षा सातबाऱ्यात जास्त सापडतो. ज्या जमिनीला आपण 'पडीक' म्हटलं, 'पोटखराब' म्हटलं, तिथे हा पक्षी राहत होता. आणि गेली दोनशे वर्षं या भागात आलेल्या प्रत्येक सरकारने, इंग्रज असो की आपलं, एकच ध्यास घेतला : पडीक जमीन शिल्लक ठेवायची नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं पक्ष्याविषयी. उंची साधारण मीटरभर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या वर. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत याची गणना होते. अंगाने तपकिरी, मान पांढरट, डोक्यावर काळी टोपी. पावसाळ्यात नर माळावरची एखादी उंचवट्याची जागा पकडतो, गळ्याखालची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीला टेकवतो आणि घुमतो. तो 'हूं' आवाज लांबवर जातो, म्हणून त्याला 'हूम' असंही नाव होतं. राजस्थानात तो गोडावण, गुजरातेत घोराड. आपलं माळढोक हे नावच त्याचा पत्ता सांगतं : माळावरचा.

हिशेबासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ना काटक्या, ना आडोसा. जवळपास महिनाभर ती एकटी उबवते, नर काही मदत करत नाही. पिल्लू बरेच महिने आईबरोबर फिरतं. कुत्रं, कोल्हा, घोरपड, कावळा, मेंढरांचा खूर, ट्रॅक्टरचं चाक यातून ते एक अंडं वाचलं तर वाचलं. अशा पक्ष्याची संख्या एकदा खाली आली की वर यायला पिढ्या लागतात. चिमणी वर्षात दोन-तीनदा पिल्लं काढते, तिचं गणित वेगळं.

आता जुना आकडा. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात. वर्षाला सरासरी ४८. माळढोकावरच्या लेखनात हा आकडा नेहमी येतो आणि वाचणारा संतापतो, ते साहजिक आहे. मला त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी वीस वर्षं दरसाल पन्नासाच्या आसपास मारला जातोय आणि तरी एकविसाव्या वर्षी संपलेला नाही, तर नगरच्या माळावर तेव्हा हे पक्षी किती असतील? शेकड्यांनी असणार, कदाचित त्याहून जास्त. हा माझा अंदाज आहे, कुणाची गणना नाही.

एवढे का होते? त्या काळात जरा डोकावा. १८०२-०३ च्या सुमारास होळकरांच्या फौजांनी हा सगळा टापू लुटला होता. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गावंच्या गावं उठली, शेतं ओस पडली. १८१८ ला पेशवाई गेली तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हातात जो मुलूख आला त्यात न कसलेली जमीन भरपूर होती. माणसांच्या वाईट काळात गवताचं राज्य आलं होतं. मॅन्सफिल्डने मारलेले पक्षी त्या गवतातले. म्हणजे त्याच्या आकड्याला 'मूळची' संख्या धरणंही जपूनच करावं लागेल. इतिहासात पक्ष्यांचे आकडे माणसांच्या हालअपेष्टांपासून सुटे करता येत नाहीत, ते असे.

पुढची गोष्ट आपल्या शेजारच्या इंदापूरची. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी तिथे जमिनीची नवी पाहणी आणि सारा-आकारणी केली. आधीच्या प्रिंगलच्या आकारणीने शेतकरी पिचला होता, लोक जमीन टाकून चालले होते. या दोघांनी सारा कमी केला आणि पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला सवलत दिली. इंदापुरात जमला म्हणून तोच नमुना मग मुंबई इलाख्याच्या मोठ्या भागात गेला. शेतकऱ्यासाठी ते बरंच झालं म्हणायचं. पण याच पाहणीच्या वहीत आपल्या जमिनीचा एक दर्जा पक्का झाला : जी पिकते ती जमीन, बाकीची 'वेस्ट'. गवत उगवतं, मेंढरं चरतात, हरणं फिरतात, पक्षी अंडी घालतात, याला त्या वहीत रकाना नव्हता. आजही तुमचा सातबारा काढा, 'पोटखराब' हा शब्द तिथे बसलेला असतो. शब्द बघा : खराब.

१८६० ला रेल्वे सोलापूरपर्यंत आली. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि नांगर आणखी माळावर चढला. तरी माळढोक टिकला. का टिकला हे समजून घ्यायला आपली जुनी शेती आठवावी लागते. हा भाग रब्बीचा. मंगळवेढ्याची ज्वारी, इकडची ज्वारी, सगळी पावसाळा सरता सरता पेरायची. म्हणजे जून ते सप्टेंबर रान मोकळं. आणि माळढोकाचा विणीचा हंगामही हाच, पावसाळा. माणसाला जेव्हा रान लागायचं नाही तेव्हा पक्ष्याला लागायचं, आणि पक्ष्याचं पिल्लू चालतं झालं की माणूस तिफण घेऊन यायचा. पुढे ज्वारी-करडई-हरभऱ्याच्या रानात त्यालाही नाकतोडे, भुंगेरे, सरडे मिळायचे. कडेच्या बोरीची बोरं तो खायचा. हा काही कुणी ठरवून केलेला करार नव्हता. पण दीडशे वर्षं तो चालला. त्यामुळे 'शेती वाढली आणि पक्षी संपला' असं सरधोपट वाक्य मला पटत नाही. कोणती शेती, हा प्रश्न आहे.

शिकारीचं म्हणाल तर साहेबांच्या पुस्तकांत माळढोक 'गेम बर्ड' होता, म्हणजे मारायच्या पक्ष्यांत मोडायचा. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतलेले ॲलन ह्यूम पक्षीतज्ज्ञही होते. त्यांनी आणि मार्शलने १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले, त्यांत हा आहेच. गंमत (की संताप म्हणू?) अशी की पुढे दोष मात्र पारध्यांच्या माथी आला. फासेपारधी माळढोक धरत होते, खात होते, विकत होते, हे खरं. पण पायी फिरून फासा लावणारा माणूस आणि जीपमधून रायफल चालवणारा माणूस यांत फरक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गावोगाव आली आणि माळावर तिला रस्ता लागत नव्हता. माळढोक माणसाला लांबून ओळखून सटकतो, पण गाडीला तेवढा बिचकत नाही. त्या काळात जे मारले गेले त्यांची कुठल्याही वहीत नोंद नाही. मारणारे सुशिक्षित होते, तरी नाही.

राष्ट्रीय पक्षी ठरवायची चर्चा झाली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचं नाव सुचवलं होतं. १९६३ ला मोर झाला. इंग्रजी नावाचं स्पेलिंग जरा चुकलं तर शिवी होते म्हणून हा मागे पडला, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण मोराचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, लक्षात ठेवा.

१९६९ च्या सुमारास भावनगरचे धर्मकुमारसिंहजी यांनी देशभरातल्या माळढोकांचा अंदाज बांधला : सुमारे १,२६०. १९७८ साठीचा अंदाज ७४५. २००१ चा ६००, २००८ चा ३००, २०११ चा २५०. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' झाला. आज जे उरलेत त्यांतले बहुतेक सगळे राजस्थानात जैसलमेरच्या आसपास, दीडशेच्या आतबाहेर. हे आकडे देताना एक सांगायला हवं. जुने आकडे माणसं मोजावी तसे मोजलेले नाहीत. जाणकारांनी राज्याराज्यांतून माहिती गोळा करून केलेले ते अंदाज आहेत. १,२६० च्या जागी हजार असतील किंवा पंधराशे असतील. उताराची दिशा मात्र प्रत्येक अंदाजात तीच आहे.

आता नान्नज. १९७२ म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना फक्त दुष्काळ आठवतो. सुकडी, खडी फोडणं, रोजगार हमी. त्याच सुमारास सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांना सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजच्या माळावर माळढोक सापडले. 'सापडले' हा शहरातला शब्द. गुराख्यांना ते ठाऊक होतेच. पण या नोंदीने नान्नज नकाशावर आलं. त्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातून नान्नज, मार्डी या बाजूच्या माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले. हेतू गवत वाढवायचा, माती धरायचा. गवत वाढलं आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागला. दुष्काळ हटवायच्या पैशातून दुष्काळी माळाचा पक्षी काही वर्षं जगला. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू आणि आपलं नान्नज अशा ठिकाणी या पक्ष्याचा अभ्यास केला. आज आपल्याला माळढोकाच्या विणीविषयी जे पक्कं माहीत आहे त्यातलं बरंचसं त्या कामातून आलंय.

१९७९ ला माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. अंदाज यावा म्हणून : अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. दोन गोवे बसून वर जागा उरेल एवढं अभयारण्य, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, साखर कारखाने होते, हायवे होता. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी आणि तीही तुकड्यातुकड्यांत. बाकी सगळी खातेदारांची. कागदावर वाघाच्या जंगलासारखी रेघ मारली आणि आत लाखो माणसं राहतात याचं भान ठेवलं नाही.

बरीच वर्षं कुणाला याचा त्रास झाला नाही, कारण कुणी ती अधिसूचना अंमलातच आणली नाही. मग जमिनीचे भाव वाढले, खरेदी-विक्री, बिगरशेती, उद्योग यांना परवानग्या लागू लागल्या, तेव्हा लोकांना कळलं की आपण अभयारण्यात राहतो. पोरीच्या लग्नाला दोन एकर विकायचे तर आडवा कोण, तर माळढोक. मी स्वतः एस.टी.त ऐकलेलं वाक्य आहे : "ते पाखरू एकदा संपलं म्हणजे आमची सुटका होईल." बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्याने ते पाखरू कधी मारलं नसतं. पण ते राहावं यासाठी बोटही उचललं नसतं.

करेराला हेच घडलं होतं आणि ते आपल्या डोळ्यांसमोर होतं. तिथे १९८१ ला अभयारण्य झालं, जमीन विकायला बंदी आली, काळवीट वाढून पिकं खाऊ लागले, लोक वैतागले, आणि नव्वदच्या दशकात माळढोक तिथून कायमचा गेला. बंदी मात्र पुढची कित्येक वर्षं राहिली. पक्षी नसलेलं पक्षी अभयारण्य. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माझ्या मते ते बरोबर झालं, फक्त तीस वर्षं उशिरा. १९७९ लाच दोन-तीनशे चौरस किलोमीटर खरा माळ नीट राखला असता आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं असतं, तर गावं पक्ष्याच्या बाजूने राहिली असती. पक्षीप्रेमी मित्रांना हे आवडणार नाही, माहीत आहे.

दरम्यान शेती बदलली, आणि ज्या अलिखित कराराविषयी मी वर बोललो तो मोडला. १९८० ला उजनी झालं. ११७ टीएमसी. कालवे आले, उपसा आला, बोअर आले. रब्बीची ज्वारी मागे पडली, बारमाही ऊस आला. ऊस म्हणजे पावसाळ्यातही रान मोकळं नाही. बारा-चौदा महिने उभी भिंत. माळढोकाला चारी बाजूंनी लांबवर दिसायला लागतं, तो भिंतीशेजारी अंडं घालत नाही. जिथे कालवा पोचला नाही तिथे द्राक्ष गेलं. आणि द्राक्षाचं तर नान्नज हे माहेरच. सोनाका ही जात नान्नजचीच : सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. नानासाहेब काळ्यांनी ती शोधली आणि खडकाळ माळावर सोनं पिकतं हे दाखवून दिलं. त्याबद्दल मला अभिमानच आहे. एकाच गावाची दोन नावं जगात गेली, एक पक्ष्यामुळे, एक द्राक्षामुळे, आणि दोन्हींना लागणारी जमीन एकच होती. यात खलनायक कोण ते मला सांगा. बाप-आजोबांनी दुष्काळात खडी फोडली त्या माणसाने पाणी आल्यावर माळ फोडला, एवढीच गोष्ट आहे.

बागायत आली म्हणजे वीज आली, आणि वीज आली म्हणजे तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं त्याला कमी दिसतं. वजनदार असल्यामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. राजस्थानात थारमध्ये वीजवाहिन्यांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. दीडशेतले अठरा! त्यावरून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायचा आदेश दिला, २०२४ ला तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जा हवी की पक्षी, असा तो वाद. आपल्या माळावर तो वाद व्हायला पक्षीच उरले नाहीत.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो मात्र ऊस किंवा तारांवर नाही. तो झाडं लावण्यावर आहे. थांबा, लगेच कमेंट करू नका. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरण आलं, १९८५ ला केंद्राने पडीक जमीन विकासासाठी वेगळं मंडळच काढलं. पाणी नसलेल्या, मातीचा थर वीतभर असलेल्या माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी लावली. कर्नाटकातल्या राणेबेन्नूरला तर अभयारण्यातच निलगिरीची लागवड वाढत गेली आणि माळढोक हद्दपार झाला. आपल्याकडेही राखलेल्या माळावर झाडोरा शिरला. २०१९ चं ३३ कोटींचं उद्दिष्ट तुम्हाला आठवत असेल. गावोगाव जागा शोधताना पहिलं बोट कुठे गेलं? गायरानाकडे, माळाकडे. कारण कागदावर ती 'रिकामी' आहे. देशाचा पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह निघतो त्यातही खुरट्या गवताचे, झुडपांचे माळ पडीक म्हणूनच दाखवलेले असतात. गोल्डस्मिड-विंगेटची वही उपग्रहावर चढली, एवढाच काय तो बदल.

गवताळ माळ म्हणजे बिघडलेलं जंगल, ही समजूत चुकीची आहे. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, खाली काळा कातळ. इथे मारवेल, पवण्या, कुसळी हेच त्या जागेचं रूप आहे, आणि ते हजारो वर्षांचं आहे. धनगरांना हे शिकवावं लागत नाही. जनावरं अजिबात न चरलेला माळही माळढोकाला आवडत नाही, गवत फार उंच झालं की तो निघून जातो. थोडी चराई, थोडी विश्रांती. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या करायचे तेच. त्यांनाच आपण आधी कुंपणाबाहेर काढलं.

नान्नजला २००० नंतरही काही वर्षं गणनेत दोन अंकी आकडे येत होते. पुढच्या दशकात ते एक अंकी झाले. मग एखादी एकटी मादी दिसल्याच्या बातम्या. एकट्या मादीचं अंडं फलत नाही, हे सांगायला नकोच. जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथे २०१९ पासून रानातली अंडी उचलून पिल्लं वाढवतात, २०२४ ला कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मलं. ही मोठी गोष्ट आहे. उद्या त्यांतले पक्षी महाराष्ट्राला द्यायचे म्हटलं तर सोडायचे कुठे?

गिधाडांशी तुलना करून बघा. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घसरली, माळढोकापेक्षा कितीतरी वेगाने. पण तिथे गुन्हेगार एक होता. जनावरांना देतात ते डायक्लोफिनॅक. २००४ ला ते सिद्ध झालं, २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माळढोकाच्या बाबतीत बंदी घालायला तशी एकच बाटली नाही. कालवा, ऊस, द्राक्ष, तार, खड्डा, भटकं कुत्रं, अभयारण्याची चुकलेली रेघ. सगळं थोडं थोडं, आणि प्रत्येकामागे कुणाचं तरी भलं.

आता मोर. देशभरातल्या तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ ला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल निघाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला त्यांतल्या २०४ घटताहेत, ९८ स्थिर आहेत आणि ३६ वाढताहेत. त्या ३६ मध्ये मोर आहे, आणि तो झपाट्याने वाढतोय. कालवे पोचले तिथे तो पोचला. चिमणी, जिच्यासाठी आपण दरवर्षी हळहळतो, ती देशपातळीवर साधारण स्थिर आहे. आणि मोकळ्या माळावर, गवतात जगणाऱ्या पक्ष्यांची घसरण सर्वांत चिंतेची.

म्हणजे प्रश्न एकट्या माळढोकाचा नव्हताच. त्याच जमिनीवर अंडी घालणारे धाविक, माळटिटवी, चंडोल, डोंबारी, तित्तर अजून आपल्याकडे आहेत. यांना कुणी राष्ट्रीय पक्षी करा म्हणालं नाही, यांच्यासाठी अभयारण्य नाही, त्यामुळे जमिनीचे व्यवहारही अडत नाहीत. यांना लागतं काय, तर उन्हाळा-पावसाळ्यात न खणलेला, झाडं न लावलेला, थोडा चरलेला माळ. दहा-वीस हेक्टरही चालतं. असे तुकडे अजून बऱ्याच गावांत आहेत. गायरान म्हणून, देवस्थानचं रान म्हणून, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून.

यंदा पावसाळ्याआधी माझ्या माहितीतल्या दोन गावांत गायरानावर लागवडीचा ठराव येतोय. एकात बांबू, दुसऱ्यात 'मिश्र वनीकरण'. नावं लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत. दोन्हीकडच्या सरपंचांशी बोललो. एक म्हणाले, "साहेब, निधी आलाय, खर्च दाखवावा लागतो, झाडं ओढ्याकाठी लावू म्हणता तर तिथं मोजमापात बसत नाही." अडचण खरी आहे. ओढ्याकाठ, रस्त्याची कड, शाळेचं आवार यांचे गट वेगळे, मंजुरी वेगळी, आणि गायरान एका गटात सलग मिळतं. दुसरे म्हणाले, पक्षी असतील तर दाखवा, मग बघू.

तर दाखवायचे आहेत. मे अखेर ते जुलै, सकाळी सात ते नऊ, चार जण पुरतात. घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी पिल्लाला हात लावायचा नाही, जागा आणि जात फक्त वहीत लिहायची. माळटिटवीचं अंडं दगडासारखंच दिसतं, पाय जपून टाकायचा. उत्तर सोलापूर, मोहोळ, बार्शी या बाजूचे कुणी येणार असाल तर इनबॉक्समध्ये गावाचं नाव आणि गायरानाचा गट नंबर कळवा. मेंढरं घेऊन त्या रानात फिरणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना आधी विचारा, घरटी कुठे आहेत ते त्यांना माहीत असतं.